छोटी फेरी

राजवाड्याच्या दारावर त्याला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. त्याने पहिल्या चौकात तोंड उघडलं की तिसऱ्या चौकातली कबुतरं उडायची, असं तिकीटखिडकीवाला सांगायचा. तिकीटखिडकीवाला थापा मारण्यात कुणाला हार जाणारा नव्हता, पण या बाबतीत त्याने फार तिखटमीठ लावलेलं नव्हतं. लोकांना राजवाडा दाखवणं हे भोंग्याचं काम. गळ्यात बिल्ला, हातात मिटलेली छत्री, पाठ राजवाड्याकडे आणि तोंड लोकांकडे. एकतीस वर्षं हा माणूस त्या चौकांमधून आणि दालनांमधून उलटा चालत आला. उंबरे, पायऱ्या, फरशीतला खड्डा, सगळं त्याच्या टाचांना पाठ होतं. उलटा चालताना तो एकदाही पडला नाही. सरळ चालताना दोनदा पडला, तेही घरासमोरच्या सपाट रस्त्यावर, आणि ही गोष्ट त्याची बायको येईल त्याला सांगायची.

त्याच्या फेऱ्या दोन होत्या. मोठी फेरी अकरा थांब्यांची, सव्वादोन तासांची. छोटी सहा थांब्यांची, पन्नास मिनिटांची. दारावरच्या पाटीवर मात्र एकच फेरी लिहिलेली होती. छोटी फेरी म्हणून काही असतं हे पाहुण्यांना ठाऊकच नसायचं, आणि ते ठाऊक होऊ न देणं यातच सगळं कसब होतं. याला लबाडी म्हणायचं तर म्हणा. भोंग्याला हे काम शिकवणारा म्हातारा वाटाड्या म्हणायचा की दमलेल्या माणसाला राजवाडा दाखवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याचे पाय भरून आले की कान बंद होतात. मग त्याला वर नेऊन छळण्यापेक्षा खालचंच नीट दाखवावं आणि हसतमुखाने घरी पाठवावं.

पण दमलाय कोण हे ओळखायचं कसं? म्हाताऱ्याने तेही शिकवलं होतं. चेहऱ्याकडे बघू नकोस, चेहरा लाजेकाजेस्तव हसतो. पाय बघ. पाय खोटं बोलत नाहीत. दुसऱ्या थांब्यावर ज्याने एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं, तो चौथ्या थांब्यावर बसायला जागा शोधणार हे नक्की. आणि एकदा फेरी कापलीस की कापल्याची शिवण दिसता कामा नये. आपण सगळं बघितलं असं वाटूनच माणूस बाहेर पडला पाहिजे. राजवाड्यावरच्या वाटाड्यांमध्ये भांडणं कमी नव्हती, एकमेकांचे पाहुणे पळवण्यापर्यंत मजल जायची, पण दुसऱ्याची शिवण चार लोकांत उसवणं हे पाप कुणी केलं नाही. एखादा फेरी कापताना दिसला की बाकीचे भिंतीवरची नक्षी बघायला लागत.

कापायची जागा सहाव्या थांब्यावर, आरशांच्या दालनात. तिथे दोन दारं होती. उजवीकडचं दार वर जायचं, डावीकडचं बागेत. फेरी कापायची असली की भोंगा उजव्या दाराला पाठ लावून उभा राहायचा, छत्री डावीकडे करायचा आणि म्हणायचा, "इथून राणी बागेत उतरायची. चला, आपणही उतरू." राणी तिथून जन्मात कधी उतरली नव्हती. ते दार सरपण आणणाऱ्यांचं. पण हे वाक्य ऐकलं की दमलेल्या बायकासुद्धा मान ताठ करून बागेत उतरायच्या.

आता त्याच्या बायकोचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिची आहे.

ती एका बेकरीच्या पॅकिंग खात्यात होती. अठ्ठावीस वर्षं. भट्टीतून आलेले बिस्किटांचे ट्रे उचलायचे, वळून लांबलचक टेबलावर ठेवायचे, मोडकी बिस्किटं बाजूला काढायची आणि बाकीची पुड्यांत भरायची. सगळं उभ्याने. बेकरीला सुट्टी सोमवारी. राजवाडाही सोमवारी बंद. बाकी दिवशी तिची पाळी पहाटे सुरू व्हायची आणि रविवार म्हणजे तर याच्या गर्दीचा दिवस. त्यामुळे नवरा-बायको एकमेकांना दिवसभर असे सोमवारीच दिसायचे, आणि तेव्हा राजवाड्याला कुलूप असायचं. जगभरच्या माणसांना जो राजवाडा हा माणूस दाखवत होता, तो त्याच्या बायकोने दारापलीकडे पाहिलेलाच नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण राजवाडा तिला पाठ होता. लग्न झालं तेव्हा याचा बिल्ला नवा होता. दोन खोल्यांच्या घरात, सकाळी चहाच्या वेळी, हा खाटेपासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत उलटा चालत मोठी फेरी म्हणायचा आणि ती एका हातात वही धरून चुका काढायची. राणी दुसरी नव्हे, तिसरी. दुसरी तोवर वारली होती. चौक आधी, विहीर नंतर. एकदा तो उलटा चालत तिच्या दुधाच्या पातेल्यावर जाऊन आदळला, तेव्हा तिने आठवा थांबा रद्द करून टाकला होता. पुढे वही फाटली, हरवली, पण हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस घरात मोठी फेरी म्हणायची ही रीत राहिली. आणि नवव्या थांब्यावर तो दरवर्षी अडायचा.

नववा थांबा म्हणजे मागच्या अंगाचा एक अरुंद जिना. वर गच्चीत राणीचं न्हाणीघर होतं आणि पाणी भरणाऱ्या बायका डोक्यावर घडे घेऊन या जिन्याने चढायच्या. जिना जिथे वळतो तिथे तोल सावरायला प्रत्येक बाईने डावा हात भिंतीच्या एकाच दगडावर टेकला. आईने टेकला, तिच्या मुलीने टेकला, नातसुनेने टेकला. दोनशे वर्षांत त्या दगडाला हाताच्या आकाराची खोलगट जागा पडली, बोटांच्या खुणांसकट. "अशा या बायका रोज," भोंगा म्हणायचा आणि थांबायचा. मग ओट्याकडून आवाज यायचा, "अहो, चाळीस. चाळीस खेपा." पहिली चार-पाच वर्षं तो आकडा खरंच विसरायचा. नंतर त्याला तो पक्का पाठ झाला होता. तरी तो थांबायचा आणि तरी ती सांगायची. दोघांनाही ते माहीत होतं, पण त्यावर कधी कुणी बोललं नाही.

अकरा थांब्यांमधला तिला बघायचा होता तो हाच. आरसे नकोत, ती म्हणायची, आरशात माझंच तोंड दिसणार. राणीच्या खाटेचं मला काय करायचंय? "मला त्या दगडावर हात ठेवायचाय," ती म्हणायची. "ओझं घेऊन वळताना हात कुठे तरी टेकावाच लागतो. ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही छत्री घेऊन फिरता."

तो म्हणायचा, जाऊ गं. हे "जाऊ गं" बिस्किटांच्या डब्यासारखं घरात कायमचं होतं, दोघांनाही त्याची सवय झाली होती.

ती बेकरीतून निवृत्त झाली तेव्हा आता तरी जमेल असं वाटलं. पण मागच्या जिन्याची डागडुजी निघाली आणि आठ महिने तिथे परांच्या बांधलेल्या होत्या. त्या सुटल्या तेव्हा हिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, हृदय थोडं अशक्त आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. जिने चढायला हरकत नाही, सावकाश चढा, मध्ये थांबा. बाईने यातलं "हरकत नाही" एवढं ऐकलं आणि नवऱ्याने "अशक्त" एवढं ऐकलं. तेव्हापासून तो घरातसुद्धा तिच्या पायांकडे बघायला लागला.

एका बुधवारी तिने सांगून टाकलं, उद्या येते. गुरुवारी गर्दी कमी असते हे तिला त्याच्याकडूनच ठाऊक होतं. तो म्हणाला, माझ्याबरोबर चल सकाळीच. ती म्हणाली, नाही, मी पाहुण्यांसारखी येणार. रांगेतून येईन, तिकीट घेईन. तुम्ही मला ओळख द्यायची नाही.

आणि खरंच आली. ठेवणीतले निळे कपडे, केस नीट बांधलेले, पायात नव्या सँडल. तिकीटखिडकीवाल्याने वहिनी म्हणून उठून नमस्कार केला, तिकीट द्यायला तयार होईना, तेव्हा तिने त्याला दटावून तिकीट फाडायला लावलं आणि ते पाकिटात जपून ठेवलं. तिच्याबरोबर त्या फेरीला आणखी चौघं होती, एक नुकतं लग्न झालेलं जोडपं आणि दोन मध्यमवयीन मैत्रिणी. ती त्यांच्या मागे उभी राहिली. भोंग्याने घसा साफ केला. एकतीस वर्षांत हजारो लोकांसमोर न चळलेला आवाज त्या दिवशी पहिल्याच वाक्याला कापरा झाला. बायकोसमोर कसली आलीय लाज? पण लाजला खरा.

दुसऱ्या थांब्यावर, विहिरीपाशी, त्याने पाहिलं. तिने उजव्या पायावरचं वजन डाव्यावर घेतलं.

तिसरा थांबा मुदपाकखान्याचा. मोठमोठ्या चुली दाखवत तो सांगत होता की इथे रोज इतक्या माणसांचा स्वयंपाक व्हायचा, आणि आकडा गेला. खरोखरच गेला, कारण त्याचं लक्ष तिच्या पायांकडे होतं. मागून हळू आवाज आला, "सातशे." दोघी मैत्रिणींनी वळून पाहिलं. एकीने विचारलं, तुम्ही आधी येऊन गेलात वाटतं? ती म्हणाली, छे, आज पहिल्यांदाच आले. भोंगा हसला. त्या आनंदात त्याला एवढं सुचलं नाही की जिला मुदपाकखान्यातली माणसं पाठ आहेत, तिला पुढचे थांबेही पाठ असणार. मी हे त्याला नावं ठेवायला सांगत नाही. त्याने स्वतःला पुढे इतकी नावं ठेवली की दुसऱ्या कुणी काही बोलायची गरज उरली नाही.

चौथ्या थांब्याला सात पायऱ्या होत्या. ती कठडा धरून चढली, उजवा पाय जरासा ओढत. पाचव्या थांब्यावर ती एका पायावर उभी होती आणि दुसरी टाच सँडलमधून बाहेर काढली होती. नवव्या थांब्यापर्यंत बावन्न पायऱ्या होत्या. अरुंद, उंच, मध्ये बसायला जागा नाही. डॉक्टरांचं "अशक्त" त्याच्या कानात वाजायला लागलं. हिला वर काही झालं तर? त्या जिन्यावरून चौघं मिळूनही माणूस खाली आणता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

आरशांच्या दालनात आल्यावर त्याने काही ठरवलं असं नाही. त्याचे पाय आपसूक उजव्या दाराकडे गेले आणि तो दाराला पाठ लावून उभा राहिला. छत्री डावीकडे झाली. "इथून राणी बागेत उतरायची," तो म्हणाला. "चला, आपणही उतरू."

ती त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच. मग ती हसली आणि सगळ्यांच्या आधी डाव्या दाराकडे वळली.

दोघी मैत्रिणींपैकी एक जरा चौकस होती. ती थबकली आणि तिने उजव्या दाराकडे बोट करून विचारलं की तिकडे वर काय आहे. असे चौकस लोक अधूनमधून भेटायचे आणि भोंग्याकडे त्यांच्यासाठी तयार उत्तर असायचं. पण तो तोंड उघडायच्या आत त्याची बायकोच बोलली.

"वर काही नाही हो," ती म्हणाली. "एवढंच आहे."

भोंग्याचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, दमलीय, तिलाही खाली जायचंय, सुटलो. एकतीस वर्षं माणसांचे पाय वाचणाऱ्या या शहाण्याला स्वतःच्या बायकोचं एक वाक्य वाचता आलं नाही.

बागेत लिंबाच्या सावलीत बाक होता, त्यावर दोघं बसली. तिने पाव आणि उकडलेली अंडी आणली होती. तिने बाकाखाली सँडल काढून ठेवल्या आणि गवतावर पाय टेकले. छान सांगता हो तुम्ही, ती म्हणाली, घरी सांगता त्याहून छान. त्याने विचारलं, दमलीस ना? ती नाही म्हणाली. त्याला ते खरं वाटलं नाही. वरच्या थांब्यांचा विषय त्याने काढला नाही. तिच्या लक्षात आलं नसेल तर कशाला आठवण करून द्या, असं त्याने मनाशी म्हटलं. तिच्या लक्षात आलं नसेल! ज्या बाईने एकतीस वर्षं चहाच्या ओट्यावरून त्याचे अकराही थांबे सांभाळले, तिच्या.

घरी जाताना तिने एवढंच विचारलं, "पुढच्या गुरुवारी तुम्हाला काय काम आहे?" तो म्हणाला, शाळेची पोरं यायची आहेत. "मग त्याच्या पुढच्या?" बघू गं, तो म्हणाला.

त्याच्या पुढचा गुरुवार आला नाही. म्हणजे तो आला, पण तिच्यासाठी नाही. नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, चहा गॅसवर उकळत होता आणि ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली होती. हा आरशासमोर बिल्ल्याची पट्टी सरळ करत होता. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून त्याने हाक मारली. ओ आली नाही, तेव्हा त्याला वाटलं डुलकी लागली. तो गॅस बंद करायला गेला, आणि मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

लेक परगावी होती, दोन तासांच्या बसवर. ती आली आणि तीन आठवडे राहिली. माणसं येत होती, बसत होती, जात होती. तिकीटखिडकीवाला आला तेव्हा एकही थाप न मारता तासभर नुसता बसून गेला. भोंग्याच्या तोंडून शब्द निघेना. ज्याचा आवाज तीन चौक ओलांडायचा त्याला शेजारच्या खोलीतून पाणी मागायचं तर लेकीला आत येऊन विचारावं लागायचं, काय म्हणालात बाबा?

दुसऱ्या आठवड्यात लेकीने आईचं कपाट आवरायला घेतलं. तो खाटेवर बसून बघत होता. कपाटाच्या तळाशी नव्या सँडल होत्या, खोक्यात घालून ठेवलेल्या. लेकीने एक हातात घेतली. टाचेच्या पट्ट्याला आतून कापूस लावून वर चिकटपट्टी चिकटवलेली होती. लेक ते बघून हसली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"याच ना?" ती म्हणाली. "आईने फोनवर सांगितलं होतं. राजवाडा बघायला म्हणून घेतल्या आणि विहिरीपर्यंत जाईस्तोवर टाच सोलून निघाली. म्हणाली, लंगडत होते गं मी, लाज वाटली नुसती."

भोंगा सँडलकडे बघत राहिला. लेकीला वाटलं त्याला हे सगळं माहीत आहे. आईची एक गोड आठवण म्हणून ती पुढे सांगत राहिली.

"आणि हसत काय होती. म्हणाली, तुझ्या बाबांनी मला छोटी फेरी मारून आणली. त्यांना वाटलं मी दमले. मी म्हटलं, मग सांगायचंस ना त्यांना, सँडल काढून हातात घेतल्या असत्या, अनवाणी चढली असतीस. तर म्हणाली, चार माणसं होती गं बरोबर. त्यांच्यासमोर तुझ्या बाबांची शिवण कशी उसवू? पट्ट्याला कापूस लावून ठेवलाय, त्यांना वेळ झाला की पुन्हा जाईन."

लेक बोलायची थांबली, कारण बापाने हात पुढे केला होता. तिने सँडल त्याच्या हातात दिली. त्याने त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. कापूस दोन्ही बाजूंनी सारखा लावला होता, चिकटपट्टीची टोकं आत दुमडली होती. बेकरीतल्या पुड्याची घडी असायची तशी.

पाय खोटं बोलत नाहीत, म्हातारा सांगायचा. पाय खोटं बोललेच नव्हते. ते दुखत होते. का दुखतात हे विचारायचं असतं, एवढंच. चप्पल कुठे टोचते ते घालणाऱ्यालाच कळतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण एकतीस वर्षं तो परक्या माणसांचे पाय बघत आला होता आणि परक्यांना काही विचारायचं नसतं. ही परकी नव्हती. हिला विचारता आलं असतं. अगं, पाय का दुखतोय, एवढे शब्द. आवाजाला तर काही कमी नव्हती. ते शब्द नंतर तो घरात एकटा असताना मोठ्याने म्हणून बघायचा. अगं, पाय का दुखतोय. अगं, पाय का दुखतोय. आणि मग खाटेच्या कडेवर बसून लहान मुलासारखा रडायचा.

महिन्याभराने तो कामावर गेला. त्या दिवसापासून त्याने कुणाची फेरी कापली नाही. जोडपी असोत, कंटाळलेली पोरं असोत, काठी टेकत आलेले आजोबा असोत, सगळ्यांना अकरा थांबे. लोक कुरकुरायचे. एकदा एका माणसाने सातव्या थांब्यावर बसकण मारली आणि आता मला इथेच राजा करा म्हणाला. तिकीटखिडकीवाल्याने समजावून पाहिलं. भोंग्या, लोकांना घरदार आहे, गाड्या पकडायच्या असतात. भोंगा ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. मात्र एक बदल झाला होता. दुसऱ्या थांब्यावर, विहिरीपाशी, तो आता थांबायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, काही टोचतंय का, काही दुखतंय का. पाहुणे एकमेकांकडे बघायचे. असला वाटाड्या त्यांनी कुठे पाहिलेला नसायचा.

नवव्या थांब्यावर मात्र तो फार बोलायचा नाही. पाणी भरणाऱ्या बायकांचं दोन वाक्यांत आटोपायचा, दगडाकडे छत्री करायचा आणि पुढे व्हायचा. बायकांनी हात ठेवून बघा, हे एकतीस वर्षांचं वाक्य त्याने सोडून दिलं होतं. खेपांपर्यंत तो जातच नव्हता.

मग एका गुरुवारी लेक आली. दोन दिवसांची रजा काढून आली होती. न सांगता रांगेतून आली, तिकीट घेतलं आणि बाकीच्या सात-आठ जणांत मिसळून उभी राहिली. तिने जुने, मऊ बूट घातले होते. त्याने तिला पाहिलं, आधी बुटांकडे पाहिलं मग तोंडाकडे, आणि फेरी सुरू केली. आरशांच्या दालनात तो उजव्या दाराकडे गेला, ते सताड उघडलं आणि बाजूला झाला. सगळे वर चढले.

मागच्या जिन्यावर लोक एकामागे एक पायऱ्यांवर उभे राहिले, कारण शेजारी शेजारी उभं राहायला तिथे जागा नाही. लेक वळणावर होती. त्याने पाणी भरणाऱ्या बायकांची गोष्ट सुरू केली आणि त्या दिवशी ती दोन वाक्यांत संपेना. आईने टेकला, मुलीने टेकला, नातसुनेने टेकला, तो सांगत गेला. लेकीने कुणी न सांगताच डावा हात उचलला आणि त्या खोलगट जागेत ठेवला. हात बसला. तिचे हात आईवर गेले होते, लहान, बोटं जराशी आखूड.

"अशा या बायका रोज," भोंगा म्हणाला, आणि थांबला.

थांबायची ती जागाच होती. दरवर्षी तो इथेच थांबत आला होता. आकडा त्याला पाठ होता, पाहुण्यांना त्याने तो हजारदा सांगितला होता, पण आज त्याची जीभ ओट्याकडच्या आवाजाची वाट बघत राहिली. तो मान थोडी कलती करून उभा राहिला. लोक वाट बघत होते. लेकही बघत होती, हात दगडातच ठेवून. तिला आकडा माहीत नव्हता. घरातला तो खेळ तिच्या जन्माआधीपासून फक्त दोघांचा होता, सकाळी ती उठायच्या आत संपणारा.

खालून कुणीतरी विचारलं, "रोज किती?"

तो म्हणाला, "चाळीस." इतक्या हळू, की दोन पायऱ्यांखालच्या बाईने नवऱ्याला विचारलं, काय म्हणाले?

लेकीने बापाकडे पाहिलं. मग ती मागे वळली आणि जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चाळीस. चाळीस खेपा."